छोटी पण दमदार टॉर्च: विशलिस्ट लिहिण्याआधी

माझी पहिली यादी एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर अजून आहे. लायटरएवढी असावी. ५००० लुमेन. रात्रभर चालावी. तापू नये. झोत अर्धा किलोमीटर जावा. पाण्यात पडली तरी बिघडू नये. आणि या सगळ्याखाली दोन रेघा ओढून लिहिलंय, ‘स्वस्त’.

टॉर्चचा नाद नव्याने लागलेल्या प्रत्येकाची यादी थोड्याफार फरकाने अशीच असते. सुटी सुटी बघितली तर यातली एकही मागणी अवाजवी नाही. एकत्र केल्या की मात्र त्या एकमेकींच्या मुळावर उठतात. कोणती कोणाच्या मुळावर उठते हे एकदा कळलं, की यादी निम्मी होते आणि उरलेली खरंच विकत घेता येते.

एक खुलासा आधीच करतो. बोलताना आपण टॉर्चलाही बॅटरी म्हणतो आणि तिच्या पोटातल्या सेललाही बॅटरीच म्हणतो. इथे टॉर्च म्हणजे टॉर्च, आणि आत घालतो तो सेल.

पायरी १: आठवडाभर अंधाराची नोंद ठेवा

यादी लिहायला बसण्याआधी सात दिवस एवढंच करा. अंधारात काही बघायची वेळ आली की तीन गोष्टी टिपून ठेवा: वस्तू किती लांब होती, उजेड किती वेळ लागला, आणि दुसरा हात मोकळा होता का. फोनच्या टॉर्चवर भागलं असेल तर तेही लिहा. तिचा उजेड साधारण ५० लुमेनच्या आसपास असतो, त्यामुळे तुलनेला एक फुकटचं माप मिळतं.

माझ्या नोंदीत अकरा प्रसंग निघाले. सिंकखालचा गळका जोड, कपाटामागे घरंगळलेला स्क्रू, कुलपाचं भोक, वीज गेल्यावर जिना, असले नऊ प्रसंग हाताच्या अंतरापासून तीन-चार मीटरपर्यंतचे. दहावा, मैदानाच्या कडेच्या झुडपात काहीतरी सळसळलं तेव्हाचा. तिथे चाळीसेक मीटर. अकरावी निव्वळ हौस: समोरच्या टेकडीवरचं झाड दिसतंय का बघू. अर्ध्या किलोमीटरची मागणी त्या एका झाडापायी होती. बाकी नऊ वेळा मला मऊ, पसरट, बेताचा उजेड हवा होता, आणि त्याबद्दल यादीत चकार शब्द नव्हता.

पायरी २: लुमेन आणि कँडेला वेगळे ओळखा

खोक्यावर ठळक छापतात ते लुमेन. टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे लुमेन. तो जातो कुठे, याबद्दल हा आकडा गप्प असतो. झोताच्या मध्यावर उजेड किती एकवटलाय हे कँडेला सांगतात, आणि ते बारीक अक्षरात असतात किंवा नसतातच. झाडांना पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी वाढत नाही, पण धार लांब जाते. लुमेन म्हणजे पाणी आणि कँडेला म्हणजे धारेचा जोर.

कँडेलाचा आकडा हाती आला की पल्ला काढणं सोपं आहे. वर्गमूळ काढा, दुप्पट करा, उत्तर मीटरमध्ये. १०,०००चं वर्गमूळ १००, म्हणून पल्ला २०० मीटर. टॉर्चच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एएनएसआय एफएल-१ या मानकातलं हे गणित आहे. त्यातली मेख अशी, की ज्या अंतरावर उजेड ०.२५ लक्स उरतो (लक्स म्हणजे समोरच्या वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप) तिथपर्यंत ते पल्ला धरतं. ०.२५ लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात कोणीतरी उभं आहे एवढं कळतं, कोण उभं आहे ते कळत नाही. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, म्हणून छापील पल्ल्याचा मी निम्माच खरा धरतो. काही ओळखायचं असेल तर तिसरा हिस्सा.

याच गणिताची उलटी बाजू महाग पडते: पल्ला दुप्पट हवा तर कँडेला चौपट लागतात. ५०० लुमेनची, पण ४०,००० कँडेलाची टॉर्च ४०० मीटरचा पल्ला गाठते. १००० लुमेनची, पण ५००० कँडेलाची टॉर्च १४० मीटरच्या आसपास दम टाकते. पहिलीला हौशी मंडळी थ्रोअर म्हणतात, दुसरीला फ्लडी. सिंकखाली थ्रोअर म्हणजे शिक्षा आहे. मधोमध पांढराफटक ठिपका, डोळे दिपलेले, आणि ज्या जोडातून पाणी गळतंय तो शेजारी अंधारात.

झोत लांब जाण्यासाठी एलईडीचा चमकणारा पृष्ठभाग लहान आणि प्रखर लागतो, आणि पुढचा परावर्तक मोठा लागतो. म्हणजे ‘बारकं डोकं’ आणि ‘लांब झोत’ यांचं भांडण इथेच सुरू झालं. परावर्तक गुळगुळीत असेल तर झोत लांब जातो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल तर झोताचे डाग जातात आणि पल्ला थोडा घटतो. खिशातल्या टॉर्चमध्ये बरेचदा परावर्तकाऐवजी टीआयआर जातीचं, उजेड आतल्या आत परावर्तित करून पुढे वळवणारं भिंग असतं. त्यात जागा वाचते आणि झोताची कड मऊ होते. जवळच्या कामाला मला तेच आवडतं. पुढे-मागे सरकणाऱ्या झूमच्या टॉर्च मोहात पाडतात, पण माझ्या यादीत झूमवर काट आहे. झोत बारीक केला की बराचसा उजेड नळीतच अडकतो, आणि सरकत्या भागातून धूळ-पाण्याला आत शिरायला वाट मिळते.

शिवाय डोळा हिशेबाला कच्चा आहे. उजेड दुप्पट ‘वाटायला’ लुमेन साधारण चौपट लागतात. १००० आणि १२०० लुमेनच्या दोन टॉर्च एकापाठोपाठ लावल्या तरी बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. त्या दोनशेसाठी दुसरी कुठलीही मागणी सोडू नका.

पायरी ३: सेलचा आणि उष्णतेचा हिशेब मांडा

पेन घ्या, लेखातली सगळ्यात उपयोगाची पायरी हीच आहे.

१८६५० हा या नादातला सगळ्यात ओळखीचा लिथियम-आयन सेल. नावातच माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. चांगल्या सेलची क्षमता ३५०० एमएएच, म्हणजे ३.५ अँपिअर-तास. त्याला ३.६ व्होल्टने गुणलं की १२.६ वॅट-तास. आता बऱ्यापैकी टॉर्च एका वॅटमागे साधारण १०० लुमेन देते असं धरा. म्हणजे या सेलच्या तिजोरीत सगळं मिळून १२६० लुमेन-तास आहेत. १००० लुमेनवर सव्वा तास. १०० लुमेनवर बारा तासांच्या वर. ३००० लुमेनवर पंचवीस मिनिटं. कोणाचीही जाहिरात या तिजोरीत भर घालू शकत नाही. ‘५००० लुमेन’ आणि ‘रात्रभर’ यांची मी इथेच फारकत केली.

पण ३००० लुमेनची ती पंचवीस मिनिटंही पदरात पडत नाहीत. ३००० लुमेनला ३० वॅट लागतात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग उजेड न होता उष्णता होऊन बसतो. लहान सोल्डरिंग आयर्नच्या तोडीची उष्णता तुम्ही मुठीतल्या ॲल्युमिनियमच्या नळीत ओतताय. मिनिट-दोन मिनिटांत ती हातात धरवत नाही. म्हणून आतलं सर्किट तापमान बघून उजेड आपणहून उतरवतं. त्याला स्टेप-डाउन म्हणतात. नवखे लोक याला खराबी समजून टॉर्च परत पाठवतात. खरं तर स्टेप-डाउन नसलेली छोटी प्रखर टॉर्च परत पाठवावी. एका १८६५० सेलची मुठीत मावणारी टॉर्च न दमता टिकवते तो उजेड साधारण ५०० ते ८०० लुमेन. त्याच्या वरचा आकडा म्हणजे थोड्या वेळाची चमक, आणि तोही कामाचा असतो, फक्त त्याला मुक्काम समजू नये.

खोक्यावरच्या ‘किती तास’ या आकड्यातही गोम आहे. त्याच मानकानुसार लुमेन मोजतात ते टॉर्च लावल्यावर तिसाव्या सेकंदाला, आणि वेळ मोजतात तो उजेड त्याच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. समजा लिहिलंय, ३००० लुमेन, दोन तास. ती टॉर्च दीड मिनिट ३००० देईल, मग ६००वर उतरून तासभर चालेल, मग रांगत रांगत ३००पर्यंत येईल, आणि तरीही खोक्यावरचं वाक्य अक्षरशः खरं असेल. म्हणून मी आकडा बघतच नाही, वेळेनुसार उजेडाचा आलेख बघतो. पहिला कडा उतरल्यानंतर पठार किती उंचीवर आहे आणि किती लांब आहे, एवढंच त्यात शोधायचं. यादीत ‘३००० लुमेन’ऐवजी ‘६०० लुमेन, तासभर, सपाट’ असं लिहून बघा. विक्रेत्याची बोलतीच बंद होते.

पठार सपाट राहणं ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर असतं. सेलची वीज जवळपास थेट एलईडीवर सोडणारा एफईटी ड्रायव्हर साधा असतो. सेल पूर्ण भरलेला असताना धमाका करतो, सेल उतरला की उजेडही उतरतो. बक किंवा बूस्ट जातीचा ड्रायव्हर सेल रिकामा होत आला तरी उजेड टिकवतो आणि मधल्या पातळ्यांवर कमी वीज उधळतो. टॉर्च निवडताना ‘बक किंवा बूस्ट’ हे मी आता लुमेनच्या आधी बघतो.

तांब्याच्या टॉर्चचा विषय निघतोच. तांबं उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा झपाट्याने पसरवतं, पण वजनाला तिपटीहून जड. आणि शेवटी उष्णता हवेत सोडायची ती टॉर्चच्या पृष्ठभागातूनच, तो काही वाढत नाही. चमक जरा जास्त टिकते, पठार फारसं उंचावत नाही. दिसते मात्र झकास.

पायरी ४: रंगाची मागणी लिहायला विसरू नका

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड तयार करतात. या निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तो थर कसा आहे यावर उजेडाचा रंग ठरतो. केल्विनचा आकडा छटा सांगतो: ६५०० निळसर थंड, ५०००च्या आसपास दुपारच्या उन्हासारखा, ३००० जुन्या पिवळ्या बल्बसारखा. सीआरआय हा वेगळा आकडा. त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, कमाल १००. साध्या प्रखर टॉर्च ७०च्या आसपास असतात, चांगल्या ९०च्या वर.

फरक बघायचा असेल तर विजेच्या वायरींचा गुंता घ्या. सीआरआय ७०च्या थंड उजेडात लाल वायर आणि तपकिरी वायर शेजारीशेजारी धरल्या तर दोन्ही मळकट, जवळपास एकच. तीच जोडी ९० पार केलेल्या उजेडात धरली की लाल लालभडक उठून येते. लालसाठी आर-९ नावाचा स्वतंत्र आकडाही असतो. छापलेला असेल तर बघाच.

याची किंमत लुमेनमध्ये मोजावी लागते. त्याच टॉर्चमध्ये जास्त सीआरआयचा एलईडी बसवला की एकूण उजेड घटतो. मी हा व्यवहार डोळे मिटून करतो. मघाशी म्हटलं तसं, तेवढी घट डोळ्याला कळतही नाही. निचिया या जपानी कंपनीचा ५१९ए हा एलईडी हौशी लोकांच्या याद्यांमध्ये सारखा दिसतो तो याच कारणाने. टेकडीवरच्या झाडासाठी मात्र तो नव्हे. तिथे कमी सीआरआयचे, लहान पृष्ठभागाचे एलईडीच बाजी मारतात. हिरवट झाक असलेल्या उजेडापासूनही जपून. एकदा ती डोळ्यात भरली की जाता जात नाही.

पायरी ५: बटण

कागदावर बटण किरकोळ वाटतं, हातात तेच सगळं असतं. माझ्या सुरुवातीच्या एका टॉर्चला बाजूला उठावदार इलेक्ट्रॉनिक बटण होतं, हलक्या दाबाने थेट सगळ्यात प्रखर उजेड. एकदा ती जॅकेटच्या खिशात होती आणि मी खुर्चीत रेलून बसलो होतो. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. इकडेतिकडे बघितलं, मग मांडीला चटका बसला. खिशाच्या अस्तराला नाण्याएवढं गोल भोक, कडा वितळून कडक झालेल्या, आणि भिंगावर काळा चिकट थर. काचेवर कापड टेकलेलं असताना हजार लुमेनला जायला दुसरीकडे जागाच नव्हती.

तेव्हापासून यादीत बटणाबद्दलची पहिली ओळ: लॉकआउट, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी टॉर्च लागू नये अशी सोय, हवंच. ते दोन प्रकारचं असतं. चार वेळा बटण दाबून वगैरे लागतं ते इलेक्ट्रॉनिक. मागची टोपी पाव फेरा सैल केली की सर्किट तुटतं ते यांत्रिक. मला दुसऱ्यावर जास्त भरवसा आहे, पण टोपीच्या आट्यांवर ॲनोडाइजचा, म्हणजे वीज अडवणारा थर असेल तरच ते चालतं. लेप नसलेले आटे सैल असतानाही वीज वाहून नेतात.

दुसरी ओळ: लावल्यावर कमी उजेडात लागावी. मध्यरात्री उठलात, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर एकदम प्रखर उजेड पडला, तर डोळे पुन्हा पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. एक लुमेनच्याही खालची पातळी, जिला मूनलाइट म्हणतात, ती असलेली टॉर्च एकदा वापरली की तिच्याशिवाय करमत नाही. नऊ प्रसंगांतले निदान तीन त्या पातळीवर निभावतात.

बटण धरून ठेवलं की उजेड हळूहळू चढत जातो, त्याला रँपिंग म्हणतात. अँड्युरिल या मुक्त स्रोत फर्मवेअरमध्ये (टॉर्चच्या सर्किटमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) ते फार छान जमलंय; लॉकआउट, तापमानाची मर्यादा, किमान-कमाल पातळी सगळं आपल्या मर्जीने बदलता येतं. पण घरातल्या इतरांच्या हाती टॉर्च जाणार असेल तर त्याची साधी मांडणीच चालू ठेवा. नाहीतर चुकून जास्त वेळा बटण दाबलं जातं, टॉर्च लुकलुकायला लागते आणि ती बंद करायला तुम्हालाच हाक मारतात.

पायरी ६: सेल निवडा, मग टॉर्च

बहुतेक जण उलटं करतात. सेलचं माप ठरलं की टॉर्चचं आकारमान, दम आणि वजन बरंचसं ठरूनच जातं. १८६५० मधला मार्ग. २१७०० म्हणजे २१ बाय ७० मिलिमीटर, ५००० एमएएच, १८ वॅट-तास; जवळपास दीडपट तिजोरी, पण पॅंटच्या खिशात जाणवते. १४५०० हा पेन्सिल सेलच्या मापाचा, आणि म्हणूनच फसवा. माप तेच, पण व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२, दीड व्होल्टसाठी बनलेल्या टॉर्चमध्ये घातला तर ती टॉर्च जाऊ शकते. दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घाला.

१८६५० सेलवर ९९०० एमएएच छापलेलं दिसलं तर तो तिथेच ठेवा. एवढी क्षमता त्या मापात मावत नाही. खरा सेल हाताला जड लागतो, ४५ ते ५० ग्रॅम. खोटे अनेकदा तळहातावर घेतल्याबरोबर कळतात. वेष्टन फाटलेला, पोचा आलेला सेल वापरू नका, फुकट मिळाला तरी. संरक्षक सर्किट असलेला सेल काही मिलिमीटर लांब असतो, त्यामुळे काही टॉर्चमध्ये बसतच नाही. उत्पादक काय सांगतो ते आधी वाचा. आणि महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा सेल अर्ध्यावर भरून ठेवा, गच्च नको.

चार्जिंगला यूएसबी-सी पोर्ट आता सर्रास असतो. पण काही टॉर्च दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाहीत, एका टोकाला जुनं ए लागतं. पोर्टमागचे दोन चिमुकले रेझिस्टर वाचवल्याचा हा परिणाम. ज्याच्याकडे नव्या केबलीच उरल्यात त्याने हे आधी विचारून घ्यावं. सेल बाहेर काढता येणं ही अट मी कधीच सोडत नाही. आत कायमचा बसवलेला सेल म्हातारा झाला की टॉर्चही त्याच्याबरोबर जाते.

पायरी ७: बारीकसारीक

आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पावसापाण्याला पुरे. क्लिप घट्ट हवी. शेपटीला चुंबक असेल तर हात मोकळे राहतात, माझ्या नोंदीतल्या सिंकसाठी मी तो मागितला. टॉर्च शेपटीवर उभी राहिली तर छताकडे झोत टाकून सगळी खोली उजळते. स्ट्रोबची, म्हणजे झपाझप लुकलुकणाऱ्या उजेडाची, मला आजवर गरज पडली नाही. असेलच तर दूर कुठेतरी दडवलेला असावा.

पायरी ८: यादी पुन्हा लिहा

तीन रकाने करा: सोडणार नाही, मिळालं तर बरं, नको. पहिल्या रकान्यात साताच्या वर ओळी गेल्या तर तुम्ही अजून माझ्या वहीच्या शेवटच्या पानावरच आहात. माझी सध्याची यादी अशी आहे. सोडणार नाही: १८६५०, बदलता येणारा, ५०० लुमेनचं सपाट पठार, सीआरआय ९०, ४००० ते ५००० केल्विन, मूनलाइट, लॉकआउट. मिळालं तर बरं: चुंबक, रँपिंग, १०,००० कँडेला. नको: झूम, स्ट्रोब, रंगीत दिव्यांची आरास. ‘स्वस्त’ आता कुठेच नाही, कारण नको असलेल्या गोष्टी खोडल्यावर किंमत आपोआप आटोक्यात आली. टेकडीवरच्या झाडासाठी वेगळी थ्रोअर घेतली. एकाच टॉर्चकडून दोन्ही मागत होतो, तीच चूक होती.

पायरी ९: टॉर्च आल्यावर पहिली संध्याकाळ

परत करायची मुदत असेतोवर चार गोष्टी करा. पांढऱ्या भिंतीवर झोत टाका. मध्यभागी काळा डाग, कडेला पिवळं कडं किंवा हिरवट झाक दिसते का बघा. सगळ्यात कमी पातळीवर ठेवून फोनच्या कॅमेऱ्यातून बघा; पडद्यावर सरकते पट्टे उठले तर उजेड मंद गतीने लुकलुकतोय, आणि काहींचं त्याने डोकं दुखतं. मग कमाल उजेडावर लावून हातात धरा आणि घड्याळ लावा: किती वेळात उतरते, आणि उतरण्याआधी सोडून द्यावीशी वाटते का. शेवटी सेल पूर्ण भरून, मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज लिहून, टॉर्च बंद करून लॉक न करता आठ-दहा दिवस तशीच ठेवा. इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थेंबभर वीज खात असतं. ४.२ व्होल्टचे ४.१५ झाले तर चालेल. ३.८ झाले असतील तर पुन्हा खोक्यात भरा.